साइटमॅप ‘सक्सेस’ म्हणतो, पण पानं गुगलवर नाहीत: नेमकं काय तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा: शेतीविषयक मराठी संकेतस्थळ, वर्डप्रेसवर, लेख ३४०. गुगल सर्च कन्सोल या गुगलच्या साधनात साइटमॅप, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्यांची यादी असलेली फाइल, दिला. आधी चार दिवस ‘कुडन्ट फेच’ (फाइल आणता आली नाही) दिसलं, मग ‘सक्सेस’ आलं. ‘डिस्कव्हर्ड पेजेस’ १,१२०. महिना उलटला तरी इंडेक्समध्ये, म्हणजे गुगल शोधात दाखवतं त्या पानांच्या साठ्यात, ९० पानं. साइटमॅप पुन्हा पुन्हा सबमिट केला तर फरक पडेल का?

नाही पडणार. ‘सक्सेस’ आलं की साइटमॅप पोचवण्याचं काम संपलं. गुगलला फाइल मिळाली आणि ती वाचता आली, एवढाच त्याचा अर्थ. आतल्या पत्त्यांवर जायचं की नाही, गेल्यावर ते पान ठेवायचं की नाही, हे निर्णय वेगळे आहेत आणि नंतर होतात. तुमच्या प्रश्नातच एक आकडा खटकतो. लेख ३४० आणि यादीत पत्ते १,१२०. मग वरचे ७८० आले कुठून?

(फाइलींची आणि बटणांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीतच लागतील.)

वर्डप्रेस ५.५ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२० पासून, साइटमॅप आपोआप तयार होतो. तुमच्या पत्त्यापुढे डब्ल्यूपी-साइटमॅप.एक्सएमएल लावून ब्राउझरमध्ये उघडा. दिसते ती यादी पानांची नाही, छोट्या साइटमॅपांची आहे: लेखांचा एक, स्वतंत्र पानांचा एक, वर्गांचा, टॅगांचा आणि लेखकांचा. प्रत्येक उघडून आतले पत्ते मोजा. तुमच्यासारख्या संकेतस्थळावर हिशोब साधारण असा निघतो: लेख ३४०, पानं १२, वर्ग १८, लेखक १ आणि टॅग ७४९. बेरीज १,१२०.

३४० लेखांना ७४९ टॅग! मराठी संकेतस्थळांवर हे फार दिसतं, कारण टॅग हॅशटॅगसारखे वापरले जातात. ‘ठिबक’, ‘ठिबक सिंचन’, ‘ठिबकसिंचन’ आणि ‘ठिबक संच’ असे चार टॅग, प्रत्येकाखाली एकच लेख, तोही बहुतेक तोच. वर्डप्रेस यातल्या प्रत्येक टॅगचं वेगळं पान बनवतं, त्यावर त्या लेखाचं शीर्षक आणि पहिल्या चार ओळी टाकतं आणि ते पान साइटमॅपमध्ये घालतं. म्हणजे तुम्ही गुगलला दिलेल्या यादीतले दोनतृतीयांश पत्ते एकमेकांच्या नकला आहेत. गुगलबॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा गुगलचा प्रोग्राम, त्यातली काही बघतो, सगळीकडे तेच ते दिसतं आणि बाकीची बघायची त्याला घाई राहत नाही. तुमचे खरे लेख त्याच रांगेत उभे आहेत. इंडेक्समधली ९० पानं एकदा नजरेखालून घाला. त्यातही काही टॅगांची निघाली तर नवल नाही.

उपाय दोन टप्प्यांचा. आधी टॅग कमी करा. एखाद्या टॅगखाली चार-पाच लेखही नसतील तर तो काढलेला बरा. एकाच अर्थाचे असतील तर एकात मिळवा. हे कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं आहे. मग एसईओ प्लगिनमध्ये टॅगची पानं शोधात दाखवायची नाहीत असं ठरवा. योस्ट या प्लगिनमध्ये ‘कॅटेगरीज अँड टॅग्ज’खालच्या टॅगांसाठी ‘शो इन सर्च रिझल्ट्स’ बंद केलं की पानांवर नोइंडेक्स (हे पान शोधात ठेवू नका, ही सूचना) लागतो आणि ती साइटमॅपमधूनही जातात. काही प्लगिनांत नोइंडेक्स एकीकडे आणि साइटमॅपमधून वगळणं दुसरीकडे असतं, तेव्हा दोन्ही बघा. नोइंडेक्स असलेला पत्ता साइटमॅपमध्ये ठेवणं म्हणजे या म्हणून बोलवायचं आणि दाराला कुलूप लावायचं. लेखक एकच असेल तर लेखकाचं पानही काढा, कारण ते मुखपृष्ठाचीच नक्कल असतं.

इथे हटकून होणारी एक चूक म्हणजे नोइंडेक्स लावून वर रोबोट्स.टीएक्सटीमध्ये (बॉटांनी कुठे जाऊ नये हे सांगणारी फाइल) तेच पत्ते ‘डिसअलाउ’ करणं. मग गुगलबॉट पान उघडतच नाही, त्याला नोइंडेक्स दिसत नाही आणि जुनं पान इंडेक्समध्ये तसंच बसून राहतं. दोन्हींपैकी एकच हवं. इथे नोइंडेक्स.

आता ‘कुडन्ट फेच’बद्दल. तुमचं चार दिवसांनी सुटलं, कित्येकांचं सुटत नाही. फाइल नुकतीच दिली असेल आणि गुगलने अजून उघडलीच नसेल, तरी हाच शब्द दिसतो. त्यामुळे पहिले एक-दोन दिवस त्याकडे लक्ष देऊ नका. त्यानंतरही तेच असेल तर सर्च कन्सोलच्या वरच्या ‘यूआरएल इन्स्पेक्शन’च्या चौकटीत साइटमॅपचा पूर्ण पत्ता टाका, ‘टेस्ट लाइव्ह यूआरएल’ दाबा आणि निकालात ‘पेज फेच’ची ओळ बघा. तिथे ‘सक्सेसफुल’ असेल तर वाट चालू आहे. त्याच निकालात पान इंडेक्स करता येत नाही असंही येऊ शकतं, कारण बरेच प्लगिन साइटमॅपच्या फाइलवर मुद्दाम नोइंडेक्स पाठवतात. ते बरोबरच आहे. शोधात यायचीत लेखांची पानं, ही यादी नाही. नोइंडेक्समुळे फाइल वाचायला अडत नाही.

‘पेज फेच’ फसलं तर बहुतेक वेळा कारण सर्व्हरच्या पहारेकऱ्यात असतं. होस्टिंगवरची फायरवॉल, सुरक्षा प्लगिन, नाहीतर सीडीएनची (ठिकठिकाणच्या सर्व्हरांवरून पानं पोचवणाऱ्या सेवेची) बॉट अडवणारी सोय गुगलबॉटलाही बाहेर ठेवते. आपल्याकडे याचा एक खास प्रकार आढळतो. वाचक सगळे भारतातले, मग परदेशातून येणारी रहदारी कशाला हवी, म्हणून कुणीतरी भारताबाहेरचे आयपी बंद करून टाकतं. गुगलबॉट मुख्यतः अमेरिकेतल्या आयपींवरून येतो. तुम्हाला पुण्यात बसून संकेतस्थळ छान उघडतं आणि गुगलला ४०३ (प्रवेश नाकारला) मिळतो. देशानुसार अडवणं काढा. अडवायचंच असेल तर गुगलबॉटला सूट द्या. गुगलबॉट खरा की तोतया, हे त्याच्या आयपीचा उलटा डीएनएस शोध घेऊन, म्हणजे आयपीवरून सर्व्हरचं नाव काढून, कळतं: नाव गुगलबॉट.कॉम किंवा गुगल.कॉमवर संपायला हवं आणि त्या नावावरून पुन्हा तोच आयपी मिळायला हवा. नुसत्या यूजर-एजंटवर (बॉट स्वतःची ओळख म्हणून पाठवतो त्या नावावर) विश्वास ठेवून दार उघडू नका, तो कुणीही लिहू शकतो.

फाइल मिळते पण वाचता येत नाही, अशी दुसरी तऱ्हा असते. तिचं सगळ्यात छळणारं उदाहरण वर्डप्रेसवरच भेटतं. साइटमॅप उघडला की ब्राउझर सांगतो: दुसऱ्या ओळीत, सहाव्या रकान्यात चूक, एक्सएमएल डिक्लरेशन दस्तऐवजाच्या अगदी सुरुवातीलाच चालतं. म्हणजे फाइलीच्या पहिल्या ओळीत काहीच नाही, नुसती रिकामी ओळ आहे, आणि खरा मजकूर दुसरीपासून सुरू होतो. ही ओळ साइटमॅपमध्ये कुणी लिहिलेली नसते. थीमच्या फंक्शन्स.पीएचपी फाइलीत शेवटच्या पीएचपी खुणेनंतर, नाहीतर पहिल्या खुणेआधी, कुणाचं तरी एन्टर दाबलं गेलेलं असतं आणि ते प्रत्येक पानाच्या डोक्यावर जाऊन बसतं. एचटीएमएलला त्याने काही फरक पडत नाही, एक्सएमएलला मात्र खपत नाही. फाइलीच्या शेवटची बंद करणारी पीएचपी खूण काढूनच टाका, तिची तिथे गरज नसते. आणि सुरुवातीची खूण पहिल्या ओळीच्या पहिल्या रकान्यात आणा. थीम निर्दोष निघाली तर प्लगिन एकेक करून बंद करत जा. ओळ ज्याच्याबरोबर जाईल तो गुन्हेगार.

‘साइटमॅप इज एचटीएमएल’ अशी चूक आली तर पत्ता चुकलाय किंवा सर्व्हर न सापडलेल्या प्रत्येक पत्त्याला मुखपृष्ठ देतोय. रिॲक्टसारख्या फ्रेमवर्कमध्ये लिहिलेल्या संकेतस्थळांवर हे सर्रास होतं, कारण तिथे अनोळखी पत्ते इंडेक्स.एचटीएमएलकडे वळवलेले असतात. साइटमॅपसाठी त्या नियमाला अपवाद लिहा. पानांच्या तयार प्रती साठवणाऱ्या कॅशिंग प्लगिनलाही साइटमॅपपासून लांब ठेवा, नाहीतर गुगल महिन्यापूर्वीची यादी वाचत बसेल. आणि पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर दोन गोष्टी जोडणारा अँपरसँड असेल, दोन भाषांच्या संकेतस्थळांवर तो कधीकधी असतो, तर फाइलीत तो नुसता चालत नाही; त्याच्यापुढे ‘एएमपी’ आणि अर्धविराम लावलेलं रूप लागतं. प्लगिन हे स्वतः करतात. हाताने किंवा स्वतःच्या स्क्रिप्टने बनवलेल्या फाइलीत मात्र हे नेमकं राहून जातं.

आता मराठी पत्त्यांकडे वळू, कारण ही भानगड इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाही.

देवनागरीतलं एक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. वेबच्या पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याची खूण आणि दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हं आहेत, म्हणून पत्त्यात त्याच्या ४५ जागा होतात. वर्डप्रेस लेखाच्या स्लगला, म्हणजे शीर्षकावरून बनणाऱ्या पत्त्याच्या शेवटच्या भागाला, २०० जागा देतं. शीर्षक घ्या: ‘शेतकऱ्यांसाठी ठिबक सिंचन अनुदान कसे मिळवावे’. पहिल्या शब्दात १३ चिन्हं, जागा ११७. मग एक जोडरेघ. ‘ठिबक’ ३६. पुन्हा जोडरेघ. ‘सिंचन’ ४५. झाले २०० आणि स्लग तिथेच तुटला. अनुदान पत्त्यात आलंच नाही. पुढच्या आठवड्यात तुम्ही ‘शेतकऱ्यांसाठी ठिबक सिंचन देखभाल’ लिहिलंत तर त्याचाही स्लग तोच बनतो. तो आधीच घेतलेला असल्यामुळे वर्डप्रेस शेवटी जोडरेघ आणि २ लावतं आणि त्याला जागा करायला ‘सिंचन’मधला न काढून टाकतं. पत्ता होतो ‘शेतकऱ्यांसाठी-ठिबक-सिंच-२’. तिसरा लेख ‘सिंच-३’. साइटमॅपमध्ये असे ओळीने दिसले की वाचणाऱ्याला, म्हणजे माणसालाही, कोणता लेख कशाचा हे कळत नाही.

गुगलला देवनागरी पत्ते चालतात. वाचकांच्या भाषेत पत्ते ठेवावेत असं ते स्वतःच सुचवतात. तेव्हा घाबरून सगळं रोमनमध्ये करायची गरज नाही, फक्त लहान ठेवा: ‘ठिबक-अनुदान’, ‘ठिबक-देखभाल’. लेख प्रकाशित करण्याआधी स्लगच्या चौकटीत हाताने लिहा. जुने लेख बदलायचे झाले तर वर्डप्रेस जुन्या स्लगवरून नव्यावर स्वतःच ३०१ ने (कायमचं) वळवतं, पण ३४० लेखांचे पत्ते एका रात्रीत बदलू नका. आधी तुटून ‘-२’, ‘-३’ झालेलेच घ्या. ज्यांना शोधातून वाचक येतात त्यांना हात लावू नका, मग पत्ता कितीही कुरूप असो.

ब्लॉगस्पॉटवर याच्या उलट होतं. तिथे मराठी शीर्षकातली अक्षरं पत्त्यात येतच नाहीत, त्यामुळे सगळे लेख ‘ब्लॉग-पोस्ट.एचटीएमएल’, ‘ब्लॉग-पोस्ट_१२.एचटीएमएल’ असे निघतात. प्रकाशित करण्याआधी ‘कस्टम पर्मालिंक’ निवडून रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द लिहा.

दुसरी भानगड ‘ऱ’ची. ‘शेतकऱ्यांसाठी’मधला ‘ऱ्य’ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, आणि य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, सर्व्हरच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द. साइटमॅप बनवणारी स्क्रिप्ट एका तऱ्हेने आणि संकेतस्थळ दुसऱ्या तऱ्हेने लिहीत असेल तर साइटमॅपमधला पत्ता ४०४ (पान सापडलं नाही) देतो आणि तुम्ही डोळे ताणून दोन्ही पत्ते जुळवत बसता. डोळ्यांनी हे कळणार नाही. दोन्ही पत्ते टक्क्यांच्या रूपात साध्या टेक्स्ट फाइलीत चिकटवा आणि लांबी मोजा. पहिल्या तऱ्हेत या जोडाक्षराला २७ जागा लागतात, दुसऱ्यात ३६. तयार प्लगिन वापरणाऱ्यांना सहसा हा त्रास होत नाही. स्वतःचं सॉफ्टवेअर असलेल्या आणि कीबोर्ड बदलत आलेल्या चमूंना होतो.

साइटमॅपमध्ये प्रत्येक पत्ता पूर्ण हवा, एचटीटीपीएसपासून, आणि कॅनॉनिकल टॅगमध्ये (पानाचा मूळ पत्ता कोणता ते सांगणारी खूण) आहे तोच. यादीत ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ असलेला, कॅनॉनिकलमध्ये नसलेला, असं चालू ठेवलंत तर गुगल आपल्या मनाने एक निवडतो आणि अहवालात ‘डुप्लिकेट’च्या ओळी वाढतात. वळवलेले, काढून टाकलेले, पासवर्डमागचे पत्ते यादीत नकोत. एका फाइलीत जास्तीत जास्त ५०,००० पत्ते आणि न दाबलेल्या रूपात ५० एमबी ही मर्यादा आहे. ३४० लेखांना ती कधी आडवी येणार नाही. फाइल संकेतस्थळाच्या मुळाच्या (रूट) फोल्डरमध्ये ठेवा.

साइटमॅपच्या फाइलीत प्रत्येक पत्त्याला लावता येणाऱ्या तीन जोड-टॅगांपैकी (हे लेखांचे टॅग नव्हेत) ‘प्रायॉरिटी’ आणि ‘चेंजफ्रेक’कडे गुगल बघत नाही. सगळ्या पानांना १.० प्राधान्य देण्यात घालवलेली संध्याकाळ वाया गेली म्हणायची. ‘लास्टमॉड’ (शेवटच्या बदलाची तारीख) मात्र कामाचा आहे, पण खरा असला तरच. तळातलं कॉपीराइटचं वर्ष बदललं आणि ३४० पानांची तारीख आजची झाली, किंवा स्क्रिप्ट दर रात्री सगळ्यांवर आजची तारीख मारते, असं दिसलं की गुगल तुमच्या तारखांवर विसंबायचं सोडतो. मजकूर, मुख्य दुवे किंवा संरचित माहिती (शोधयंत्रांसाठी ठरावीक साच्यात दिलेली) बदलली तरच तारीख बदलावी. वर्डप्रेसचा स्वतःचा साइटमॅप ‘लास्टमॉड’ देतो तो ६.५ या आवृत्तीपासून, म्हणजे एप्रिल २०२४ पासून. त्याआधीची आवृत्ती चालवत असाल तर हे अद्ययावत करायला आणखी एक कारण. तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, मध्ये जोडरेघा: २०२५-०३-१४. वेळ द्यायची तर शेवटी +०५:३० हवं. दिवसाने सुरू होणारी आपली नेहमीची तारीख ‘इनव्हॅलिड डेट’ ठरते. आणि संकेतस्थळावर सगळीकडे मराठी अंक दाखवायला कुणी कोड घातला असेल तर तो साइटमॅपला लागत नाही ना ते बघा. फाइलीत अंक इंग्रजीच लागतात.

जे पहिल्यांदाच साइटमॅप देणार आहेत त्यांच्यासाठी मूळ कृती थोडक्यात. सर्च कन्सोलमध्ये प्रॉपर्टी जोडताना ‘डोमेन’ निवडा. त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, बिनडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, एचटीटीपी, एचटीटीपीएस सगळं येतं. गुगल एक मजकूर देईल, तो डोमेन जिथून घेतलंय तिथल्या डीएनएसच्या पानावर टीएक्सटी प्रकारच्या नोंदीत चिकटवा, नावाच्या जागी @. काही मिनिटांत जमतं, कधी दिवस लागतो. पडताळणी झाल्यावर ही नोंद ‘कशाला हवी आता’ म्हणून काढू नका, मालकी जाते. ब्लॉगस्पॉटच्या फुकट पत्त्याचं डीएनएस आपल्या हातात नसतं, तिथे ‘यूआरएल प्रीफिक्स’ घ्या. मग डावीकडे ‘साइटमॅप्स’, वरच्या चौकटीत पत्ता, ‘सबमिट’. डोमेन प्रॉपर्टीत पूर्ण पत्ता द्यावा लागतो, प्रीफिक्समध्ये फक्त शेपूट. हे करायला मालकाचे अधिकार लागतात. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याने स्वतःच्या खात्यावर प्रॉपर्टी घेऊन तुम्हाला नुसतं बघायचे अधिकार दिले असतील तर आधी ते सोडवा.

कोणता पत्ता द्यायचा? योस्ट किंवा रँक मॅथ हे प्लगिन असेल तर साइटमॅप_इंडेक्स.एक्सएमएल, नुसतं वर्डप्रेस असेल तर डब्ल्यूपी-साइटमॅप.एक्सएमएल. दोन एसईओ प्लगिन एकदम चालू ठेवू नका. वरच्या दोघांच्या फाइलीचं नाव एकच असल्यामुळे कोण कुणाची यादी देतोय ते कळत नाही. फाइलच नसेल, ४०४ येत असेल, तर ‘सेटिंग्ज’मधल्या ‘रीडिंग’च्या पानावर शोधयंत्रांना परावृत्त करणारी खूण राहिली आहे का बघा. संकेतस्थळ बांधताना ती लावतात आणि सुरू झाल्यावर काढायची विसरतात. ती असेपर्यंत वर्डप्रेस आपला साइटमॅप बंद ठेवतं आणि पानांवर नोइंडेक्सही लावतं. रोबोट्स.टीएक्सटीमध्येही ‘साइटमॅप:’ लिहून पूर्ण पत्त्याची एक ओळ घाला. इतर शोधयंत्रं ती तिथून उचलतात. फक्त तिथून सापडलेला साइटमॅप सर्च कन्सोलच्या अहवालात दिसत नाही, म्हणून सबमिटही करावं.

नवा लेख टाकला की साइटमॅप पुन्हा द्यावा लागत नाही, गुगल दिलेली फाइल स्वतः येऊन परत वाचतो. पूर्वी साइटमॅप बदलल्याचं गुगलला कळवायचा, म्हणजे ‘पिंग’ करायचा, एक पत्ता होता. तो बंद करत असल्याचं गुगलने जून २०२३ मध्ये सांगितलं. जुन्या प्लगिनांत आणि जुन्या व्हिडिओंत तो अजून सापडतो, सोडून द्या. बिंगसाठी बिंग वेबमास्टर टूल्समध्ये सर्च कन्सोलमधून आयात करायची सोय आहे, पाच मिनिटांचं काम. बिंग आणि यांडेक्स या शोधयंत्रांनी २०२१ मध्ये आणलेला इंडेक्सनाउ नवा पत्ता लगेच कळवतो, पण गुगल तो वापरत नाही. सर्च कन्सोलमधून जुना साइटमॅप ‘रिमूव्ह’ केल्याने गुगल तो विसरत नाही. फाइलच सर्व्हरवरून काढा.

बातम्यांचं संकेतस्थळ असेल तर न्यूज साइटमॅप वेगळा. त्यात गेल्या दोन दिवसांतलेच लेख, जास्तीत जास्त १,०००, आणि भाषेचा कोड ‘एमआर’. प्लगिनने तिथे इंग्रजीचा ‘ईएन’ लिहिला असेल तर बदला.

आता तुमचे उरलेले लेख. ‘पेज इंडेक्सिंग’चा अहवाल सगळी माहीत असलेली पानं दाखवतो, वरच्या यादीतून तो एका साइटमॅपपुरता करता येतो. म्हणून लेखांचा छोटा साइटमॅप (नुसत्या वर्डप्रेसमध्ये डब्ल्यूपी-साइटमॅप-पोस्ट्स-पोस्ट-१.एक्सएमएल, योस्टमध्ये पोस्ट-साइटमॅप.एक्सएमएल) मुख्य यादीखेरीज वेगळाही सबमिट करा. मग ३४० पैकी किती आत, किती बाहेर आणि का, हे टॅगांच्या गर्दीशिवाय दिसेल.

दोन कारणं मुख्य असतील. ‘डिस्कव्हर्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे पत्ता माहीत आहे, गुगलबॉट गेलेला नाही. गुगलचं स्पष्टीकरण सर्व्हरवर ताण येईल म्हणून पुढे ढकललं असं असतं. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘क्रॉल स्टॅट्स’मध्ये सरासरी प्रतिसाद वेळ बघा. तो सेकंदाच्या वर रेंगाळत असेल किंवा ‘होस्ट स्टेटस’मध्ये अडचण दिसत असेल तर स्वस्त होस्टिंग हेच उत्तर. तसं नसेल, आणि ३४० लेखांच्या संकेतस्थळावर बहुधा नसतंच, तर त्या लेखाकडे जाणारे दुवे मोजा. साइटमॅपमध्ये आहे पण संकेतस्थळावर कुठल्याच लेखातून दुवा नाही, वर्गाच्या पानावर सतराव्या पृष्ठावर गेलाय, अशा लेखाला गुगल महत्त्व का देईल? ठिबकच्या जुन्या, वाचल्या जाणाऱ्या लेखातून नव्याला मजकुराच्या ओघात दुवा द्या. साइटमॅप दहादा देण्यापेक्षा याने जास्त हलतं.

‘क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे येऊन, बघून गेला आणि ठेवलं नाही. इथे साइटमॅपचा काही संबंध उरत नाही. शासनाच्या योजनेचं परिपत्रक जसंच्या तसं चिकटवलेला लेख पन्नास ठिकाणी असतो, एकावन्नावा कोण ठेवेल? पात्रता, लागणारे दाखले, अर्ज परत का येतो असं तुमचं स्वतःचं काही त्यात घाला, किंवा असे तीन तुटक लेख मिळून एक करा आणि उरलेल्या दोन पत्त्यांवरून त्याकडे वळवा. ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ दाबायचं ते अशा दुरुस्त केलेल्या मोजक्या पानांसाठी. त्याला रोजची मर्यादा आहे आणि एकाच पत्त्यावर परत परत दाबून रांगेत पुढे जाता येत नाही.

टॅग आज बंद केलेत तर निदान तीन-चार आठवडे अहवालावरून काही ठरवू नका. आलेख मागून चालतो, आणि गुगलने टॅगची पानं पुन्हा उघडल्याशिवाय त्याला नोइंडेक्स दिसणार नाही. त्या काळात ‘एक्सक्लूडेड बाय नोइंडेक्स टॅग’चा आकडा शेकड्यांनी चढेल आणि इंडेक्समधल्या पानांचा आकडा कदाचित ९० च्याही खाली येईल. घाबरून टॅग परत चालू करू नका. लेखांच्या साइटमॅपपुरता अहवाल उघडा आणि तिथला आकडा बघा.